जुन्या सागवानी फर्निचरवर चॉक पेंट: डब्यावरचं वचन कितपत खरं?

चॉक पेंटच्या बहुतेक डब्यांवर एकच वचन असतं: घासू नका, प्रायमर लावू नका, ब्रश घ्या आणि सरळ रंगवा. ब्रिटिश रंगतज्ज्ञ ॲनी स्लोन यांनी १९९० साली ब्रिटनमध्ये हा रंग आणला तो याच गुणावर. आता त्याच धर्तीचे देशी रंगही हस्तकलेच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. रंग म्हणून हा प्रकार उत्तम आहे. पण चोरबाजारातून, ओशिवऱ्याहून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या, नाहीतर आजोळच्या माळ्यावरून उतरवलेल्या सागवानी कपाटाला ते वचन जसंच्या तसं लागू पडत नाही. कुठे पडत नाही आणि का, हे कळलं तर हजारो रुपयांचा रंग वाया जात नाही.

आधी या रंगाचं बलस्थान. पाण्यात मिसळणाऱ्या बाइंडरमध्ये (रंगाला धरून ठेवणाऱ्या चिकट घटकात) खडूच्या जातीची पांढरी भुकटी आणि रंगद्रव्य भरपूर घातलेलं असतं. बाइंडर त्या मानाने कमी, म्हणून सुकल्यावर पृष्ठभाग मऊसर, अजिबात न चमकणारा आणि सच्छिद्र राहतो. भुकटीमुळे रंग दाट बसतो, एका हातातच बरंच झाकतो आणि कोरीव कामाच्या खाचांत ऑइल पेंटसारखा साचून ओघळत नाही. अर्ध्या तासात हाताला सुका लागतो, दोन तासांत दुसरा हात देता येतो. ऑइल पेंटच्या दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्यावी लागते, आणि टर्पेंटाइनचा वास घरात चार दिवस रेंगाळतो तो वेगळाच. शिवाय पांढरा ऑइल पेंट बंद कपाटाच्या आत हळूहळू पिवळा पडतो. चॉक पेंटला ती खोड नाही.

आता अडचण. सागवानात टॅनिन नावाचं तपकिरी नैसर्गिक द्रव्य असतं, ते पाण्यात विरघळतं. पाण्याचा रंग थेट लाकडावर किंवा झिजलेल्या पॉलिशवर लावला की रंगातलं पाणी टॅनिन ओढून घेतं आणि सुकताना वर आणून ठेवतं. पांढऱ्या, क्रीम किंवा फिक्या निळ्या रंगावर चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी डाग उमटतात. जुन्या पॉलिशमध्ये लालसर छटेसाठी रंग मिसळलेला असेल तर डाग गुलाबी येतात. इथे बहुतेक जण वरून आणखी एक हात मारतात. डाग पुन्हा वर येतो, कारण नव्या हातातही पाणीच आहे. तिसऱ्या आणि चौथ्या हातानेही तेच होतं.

याचा इलाज हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतो, तो म्हणजे चपडा, लाखेच्या पातळ पापड्या. १ लिटर डिनेचर्ड स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत भिजत घाला, अधूनमधून हलवा, एका रात्रीत विरघळतो. मग बरणी दोन दिवस तशीच राहू द्या. चपड्यात थोडं नैसर्गिक मेण असतं, ते तळाला बसतं. वरची निवळी अलगद दुसऱ्या बाटलीत काढून तेवढीच वापरायची. हे मेण फिल्मवर राहिलं तर पाण्याचा रंग त्यावर नीट धरत नाही, नखाने सोलला जातो. निवळीचे दोन पातळ हात, मध्ये तासाभराचं अंतर. ब्रश एकदाच सरळ ओढायचा. पुन्हा पुन्हा फिरवला तर खालचं जुनं पॉलिश विरघळून ब्रशबरोबर येतं. लाखेचा थर पाण्याने विरघळत नाही, त्यामुळे रंगातलं पाणी टॅनिनपर्यंत पोचतच नाही. काम खिडक्या उघड्या ठेवून करा, जवळ गॅस किंवा देवापुढचा दिवा नको. स्पिरिटची वाफ पेट घेते.

हे प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. कपाटाच्या मागच्या बाजूला वीतभर जागेवर रंगाचा एक हात मारा आणि रात्रभर सोडा. सकाळी डाग नसेल तर लाखेची पायरी गाळा. गडद हिरवा, कोळशासारखा काळा, गडद निळा अशा रंगांत डाग दिसतही नाहीत.

‘घासू नका’ हे अर्धं खरं आहे. लाकूड उघडं पडेपर्यंत घासायची गरज खरंच नाही, आणि हीच या रंगाची मोठी सोय. पण स्वच्छता मात्र कसून हवी. खुर्चीच्या पाठीला डोक्याचं तेल, कपाटाच्या मुठीभोवती हातांचं तेल, देवघराजवळच्या फर्निचरवर उदबत्तीची काजळी, आणि त्यावर वर्षानुवर्षं मारलेले चमक आणणारे स्प्रे. या स्प्रेंमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. ते राहिलं तर ओला रंग गोल गोल मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. म्हणून आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत बदलत राहा. नंतर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून एक फेरी, मग साध्या पाण्याची एक, आणि पूर्ण दिवस सुकवा. त्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात, फक्त चमक जाण्यापुरता.

खालचं फिनिश कोणतं आहे हे कापसाच्या बोळ्याने कळतं. स्पिरिटने चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही होत नाही, पण थिनरने मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असे कडक पारदर्शक थर, म्हणजे पॉलिश पेपरचा हात जास्त नेटाने द्यायचा. सनमायकावर चॉक पेंट बसतो खरा, पण किल्लीच्या ओरखड्याने निघतो. तिथे चांगली पकड देणारा प्रायमर हवाच.

जुन्या वस्तूवर आधीच ऑइल पेंट असेल तर सावध. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, असं धरूनच चाला. असा रंग कोरडा घासू नका, ग्राइंडर तर मुळीच नको. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा, चांगला मास्क लावा, लगदा कागदात गुंडाळून टाका आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. पाळण्यासाठी किंवा मुलांच्या खाटेसाठी जुना रंग असलेलं लाकूड वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती रंगाच्या आधीच. कपाटाखाली पिवळसर पीठ पडत असेल तर लाकूड पोखरणारे भुंगेरे अजून आत आहेत. प्रत्येक भोकात सिरिंजने कीडनाशक सोडा, दोन आठवडे थांबा, पीठ थांबल्यावरच भोकं बुजवा. बारीक लाकडी भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा पुरतो. बिजागऱ्या, मुठी आणि कडी-कोयंडे काढून ठेवा, भोवती चिकटपट्टी लावत बसू नका. काढल्यावर प्रत्येक बिजागरीवर ती कुठली ते लिहून ठेवा, कारण जुन्या सुताराच्या हाताचं एकही भोक दुसऱ्याशी जुळत नाही.

रंग लावताना डबा आधी उलटा करून हलवा, मग तळापासून ढवळा. भुकटी खाली बसलेली असते. ब्रश पाण्यात बुडवून निथळून घ्या. पहिला हात जाड वाटला तर रंगात चमचाभर पाणी घाला, पण फार पातळ केला तर झाकण्याची ताकद जाते. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. जाड हाताला सुकताना बारीक तडे जातात. मुंबईत मेच्या दुपारी पंख्याखाली काम करू नका. ब्रश उचलायच्या आत रंग ओढला जातो आणि जोड दिसतात. खणांच्या बाजू आणि त्या सरकतात त्या पट्ट्या रंगवायच्या नाहीत. जुने खण आधीच घट्ट असतात, रंगाने पावसाळ्यात अडकून बसतात. तिथे मेणबत्ती घासा.

झिजल्यासारखा देखावा हवा असेल तर पहिल्या रंगाच्या कडांवर मेणबत्ती घासून दुसरा रंग लावा आणि सुकल्यावर तिथे ३२० नंबरचा पेपर फिरवा. जिथे हात लागतो तिथेच झिजवा: मुठीजवळ, कोपऱ्यांवर, पायांच्या खालच्या भागात. सपाट फळीच्या मधोमध काढलेली झीज खोटी दिसते.

या रंगाची खरी परीक्षा वरच्या संरक्षक थरात होते. नुसता चॉक पेंट सच्छिद्र असतो, हळदीचा हात लागला की डाग कायमचा. परदेशी पद्धत मेण लावायची आहे. मऊ सुती फडक्याने अगदी पातळ थर, जास्तीचं पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी घोटायचं. स्पर्श फार सुंदर येतो, ऑइल पेंटमध्ये तो कधीच येणार नाही. पण मेण पूर्ण कडक व्हायला तीनेक आठवडे लागतात, आणि नंतरही गरम कप किंवा ओल्या पेल्याचं वर्तुळ उमटतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेत ओल इतकी की जाड लावलेलं मेण चिकटच राहतं, त्यावर धूळ बसते आणि भिंतीला टेकलेल्या मागच्या बाजूला बुरशी धरते. नाशिक-छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत मेण चालतं. किनाऱ्यावर ते आरशाची चौकट, दिव्याचा स्टँड, शोभेचा पेटारा एवढ्यापुरतंच ठेवा.

टीपॉय, जेवणाचं टेबल, अभ्यासाचं डेस्क, कपाटाची दारं यांना पाण्यातला मॅट पीयू. तीन पातळ हात, मध्ये तीन-चार तास, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा अलगद हात. गडद रंगावर जाड लावला तर दुधाळ पडदा येतो. तेलातला पीयू फिक्या रंगाला पिवळा करतो, तो नको. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मेण लावलेल्या जागेवर पीयू धरत नाही. निवड आधीच करायची. आणि लाखेची पायरी गरज असताना गाळली असेल तर टॅनिन या टप्प्यावरही वर येतं, कारण पीयूही पाण्याचाच.

घरी बनवलेल्या चॉक पेंटबद्दल बरंच विचारलं जातं. ३ भाग मॅट इमल्शन, १ भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, १ भाग पाणी. भुकटी आधी पाण्यात गुठळ्या मोडून मिसळा, मग इमल्शनमध्ये घाला. तासाभरात वापरायचा, उरलेला डब्यातच आळतो. पाटावर, चौरंगावर, फोटोच्या चौकटीवर ठीक आहे. मोठ्या कपाटाला नको: प्रत्येक खेपेचा रंग किंचित वेगळा येतो, आणि भुकटी जरा जास्त झाली की बाइंडर कमी पडून हाताला पांढरं लागतं.

तयार रंगाचा हिशेब असा. ब्रिटिश मूळ रंगाचा १ लिटर एका हाताला सुमारे १३ चौरस मीटर, म्हणजे १४० चौरस फूट पुरतो. ६ फूट उंच, ४ फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाची समोरची बाजू, दोन कुशी आणि माथा मिळून ४८ चौरस फूट होतात. दोन हातांना ९६. लिटरभरात काम होऊन थोडा उरतो. बाहेरून आलेला रंग ऑइल पेंटच्या कितीतरी पट महाग पडतो. देशी रंग स्वस्त आहेत, पण लहान बाटल्यांत येतात, तेव्हा मोठ्या वस्तूसाठी बाटलीमागे मिलिलिटर मोजूनच भाव बघा.

काय रंगवू नये, हेही सांगायला हवं. घट्ट शिसवी, जुनं गोव्याचं कोरीव काम, लाखेचं पॉलिश अजून जिवंत असलेलं सागवान यांना रंग लावणं म्हणजे नुकसान. त्यांना पॉलिशवाल्याकडे द्या. वेताच्या विणीवर रंग लावला की वेत वाकताना तडकून पापुद्रे सुटतात. खुर्चीची चौकट रंगवा, वेत नवा विणून घ्या. चॉक पेंट शोभतो तो ठिगळं लावलेल्या, दोन वेगळ्या लाकडांच्या, पाण्याचे डाग पडलेल्या, प्लायची पाठ असलेल्या वस्तूंना. स्वयंपाकघरातल्या फडताळाला आणि बाल्कनीतल्या बाकाला आमची पसंती अजूनही ऑइल पेंटलाच, कारण तिथे रोज ओलं फडकं फिरतं.