गळ आधी की कॅमेरा? ठाण्याहून उन्हाळ्यात भीमताल, काश्मीर की तीर्थन

मे महिन्याची सुट्टी, बॅगेत रॉड आणि कॅमेरा दोन्ही, आणि मुक्काम उत्तरेत पाण्याकाठी. एवढं ठरलं की पहिली चर्चा 'भीमताल की काश्मीर' अशी सुरू होते. त्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करायला हवी: पहाटे साडेपाच ते आठ या वेळात हातात काय असणार? मासा त्याच वेळी काठाशी चरायला येतो, पक्षी त्याच वेळी खाली उतरतात, आणि वारा सुटलेला नसल्यामुळे पाण्यात डोंगराचं स्वच्छ प्रतिबिंबही तेव्हाच मिळतं. दोन्ही एकाच पहाटे करायला गेलात तर एक ना धड भाराभर चिंध्या. जिथे तुमच्या दोन छंदांच्या वेळा एकमेकींच्या आड येत नाहीत, ते ठिकाण निवडा.

भीमताल, नौकुचियाताल, सातताल

तिन्ही नैनिताल जिल्ह्यात, साधारण १२०० ते १४०० मीटर उंचीवर. भीमतालहून नौकुचियाताल चार-पाच किलोमीटर, साततालही जवळच. एकाच हॉटेलात राहून तिन्ही होतात, आणि लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर या सोयीला फार किंमत आहे.

सातताल कॅमेऱ्याचं. मे महिन्यात जंगलातले ओढे आटतात, म्हणून पक्षी उरलेल्या डबक्यांवर पाणी प्यायला आणि आंघोळीला येतात. लपणात बसून रेड-बिल्ड ब्लू मॅगपाय, कालीज फेझंट, निरनिराळे लाफिंगथ्रश दहा-पंधरा फुटांवरून मिळू शकतात. ४०० मिमीची लेन्स पुरते. मात्र जागा दाट सावलीची आहे. शटर १/५०० सेकंद ठेवायचं तर आयएसओ (प्रकाश टिपण्याची कॅमेऱ्याची क्षमता) १६०० ते ३२०० करावाच लागतो, आणि आयएसओ वाढवायला बिचकून १/१२५ वर काढलेल्या फोटोत पाणी उडवणारा पक्षी नुसता पुसट दिसतो.

मासेमारी नौकुचियाताल किंवा भीमतालवर, संध्याकाळी चार ते साडेसहा. म्हणजे पहाट कॅमेऱ्याची, संध्याकाळ गळाची. अशी वाटणी भीमताल, काश्मीर आणि तीर्थन या तिघांत फक्त इथे सहज जमते. गळाला बहुतेक कार्पच्या जातीचे मासे लागतात. कणकेचा घट्ट गोळा, ६ किंवा ८ नंबरचा गळ, हलका तरंगा आणि १० ते १२ पौंडांचं तंगूस एवढं बस. ऐरोली-वाशीच्या खाडीवर वापरायचा जाड रॉड आणि ३० पौंडांची वेणीची दोरी घरीच ठेवा. इथलं पाणी खाडीपेक्षा कितीतरी नितळ असतं. मासा दोरी बघतो आणि आमिषाला नुसतं तोंड लावून निघून जातो.

सोनेरी महसीर लागला तर मात्र तो सोडायचाच. ही जात धोक्यात आहे. थंड पाण्यातल्या माशांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था भीमतालातच आहे आणि तिथे महसीरची पैदास केली जाते, आपल्याकडे लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात केली जाते तशी. गळाची उलटी खाच निघण्याआधीच पक्कडीने दाबून सपाट करा. माशाला हात लावण्याआधी हात पाण्यात बुडवा, कारण कोरड्या हाताला अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि सुटून गेलेला मासाही पुढे बुरशी लागून मरू शकतो. कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यातच धरा, एका श्वासापुरता वर उचला, फोटो काढा आणि परत पाण्यात.

परवान्याबद्दल हॉटेलवाल्याचं 'चालतं हो' ऐकून थांबू नका. कोणत्या तळ्यावर, कोणत्या काठावर आणि किती रॉडना परवानगी आहे हे मत्स्यविभागाच्या कार्यालयात विचारून कागद हातात घ्या.

आता इथली खरी अडचण. एप्रिल ते जून हा कुमाऊंतला, म्हणजे नैनितालच्या या भागातला, वणव्यांचा काळ. चीडच्या (पाइनच्या) झाडांच्या वाळक्या सुया, तिथल्या भाषेत पिरूल, पेट्रोलसारख्या पेटतात. एप्रिल २०२४ मध्ये हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालमधूनच पाणी उचलून नैनितालजवळची आग विझवली होती. वणवा लांब असला तरी धुरकट थर आठवडाभर टिकतो आणि मागची बर्फाची शिखरं दिसतच नाहीत. हिमशिखरांसाठीच जाणार असाल तर मे महिन्यात कुमाऊं नको. जवळचे पक्षी, फुलपाखरं, होड्या यांना धुरकटपणाने फारसं बिघडत नाही. दुसरी अडचण १५ जूनची. कैंची धामच्या जत्रेला त्या दिवसाच्या आगेमागे भवालीचा रस्ता तुंबतो आणि वळवलेली गर्दी भीमतालमधून जाते.

जायचं कसं? सीएसएमटीहून सुटणारी राजधानी ठाण्याला थांबत नाही, कल्याणला थांबते. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्स्प्रेस पहाटे काठगोदामला सोडते, तिथून टॅक्सीने तासाभरात भीमताल. रॉडसाठी पीव्हीसी पाइपची नळी करून दोन्ही टोकांना झाकणं लावली की ती बर्थखाली आडवी बसते.

काश्मीर: तळं फोटोचं, मासा नदीचा

इथे घोळ हमखास होतो. दल किंवा निगीनच्या हाउसबोटीत उतरायचं आणि खिडकीतून ट्राउट धरायचा, अशी कल्पना करून लोक निघतात. ट्राउटला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि उथळ, कोमट दलमध्ये ते नाही. मासा आहे तो लिद्दर, सिंध, ब्रेंगी या नद्यांमध्ये. मूळचा तो काश्मीरचा नाहीच. इंग्रजांच्या काळात विलायतेहून आणलेली अंड्यांची पहिली खेप फुकट गेली, १९०० च्या सुमारास दुसरी जगली आणि तिथून तो खोऱ्यात पसरला.

त्यामुळे सहलीचे दोन भाग पडतात. श्रीनगरला दोन-तीन दिवस: पहाटे दलवरचा भाजीबाजार, निगीनवरचं निश्चल पाणी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर कमळं. शिकाऱ्यातून फोटो काढताना तिवई उपयोगाची नाही, होडीबरोबर तीही डोलते. आयएसओ वाढवा आणि शटर १/२५० च्या खाली नेऊ नका. त्यानंतर नदीवर तीन दिवस. मत्स्यविभाग नदीचे तुकडे करून, म्हणजे बीट पाडून, दिवसाला आणि रॉडला हिशोब लावून परवाने देतो. चांगली बीट आधी भरतात, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी बीटची चौकशी करा.

सगळ्यांत मोठी चूक तारखेची. मे आणि जूनच्या सुरुवातीला वरचं बर्फ वितळत असतं. दिवसा ऊन चढतं, वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं, नदी फुगते आणि राखाडी होते. पहाटे त्यातल्या त्यात ती उतरलेली आणि स्वच्छ असते. म्हणून मे महिन्यात गेलात तर सकाळी नऊच्या आत गळ टाकून घ्या, आणि १ किंवा २ नंबरच्या हलक्या स्पिनरऐवजी (फिरत्या पात्याच्या धातूच्या आमिषाऐवजी) ८ ते १० ग्रॅमचा जड घ्या, नाहीतर तो तळापर्यंत पोचतच नाही. फ्लायसाठी, म्हणजे पिसांच्या नकली माशीच्या आमिषासाठी, ९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा क्रमांक) रॉड योग्य, पण फुगलेल्या पाण्यात नवशिक्याने फ्लायच्या नादी लागू नये.

नदी नितळ होते ती जुलैत. पीर पंजालची रांग पावसाचा जोर अडवते, त्यामुळे ठाणे धो-धो भिजत असताना खोऱ्यात कोरडे दिवस बरेच मिळतात. जुलै ते गणपतीच्या आधीपर्यंतचा काळ मासेमारीला उत्तम, पण तोवर शाळा सुरू झालेल्या असतात आणि अमरनाथ यात्राही चालू असते. यात्रेचे दोन्ही रस्ते, पहलगामचा आणि बालटालचा, नेमके लिद्दर आणि सिंधच्या काठाने जातात. ताफ्यांच्या वेळा, अडवलेले रस्ते यांत अर्धा दिवस जातो. यावर उपाय म्हणजे कोकरनाग. ब्रेंगीच्या काठचं हे गाव यात्रेच्या वाटेवर नाही, झऱ्यांचं पाणी स्वच्छ आहे आणि ट्राउटचं मोठं सरकारी केंद्र तिथेच आहे.

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात डोंबिवलीचे तिघे आणि पनवेलचे एक गेले. आपल्या भागातल्या घरांत काश्मीरचं नाव निघालं की ही जखम आठवतेच, आणि घरच्यांचा विरोध असेल तर तो मोडून काढू नये. जाणार असाल तर कोणती ठिकाणं उघडी आहेत हे निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. प्रीपेड सिम तिथे बंद पडतं, एक तरी पोस्टपेड बरोबर हवं. परतीला श्रीनगर विमानतळावर तपासणीचे थर जास्त असतात, तीन तास आधी पोचा. गळ, पक्कड, सुरी चेक-इन बॅगेत. बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच.

तीर्थन कधी?

तळं हवंच असा हट्ट नसेल तर हिमाचलातली तीर्थन नदी. ट्राउट आहे, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान शेजारी आहे, नदीकाठी राहण्याची घरगुती सोय आहे. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते. मार्च-एप्रिल चांगला, मे महिन्यात काश्मीरसारखीच दुपारची गढूळ नदी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे जाऊच नये. हिमाचलातच तळं हवं म्हणून पोंग धरणाच्या जलाशयाकडे वळत असाल तर थांबा: तिथले स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, उन्हाळ्यात काठ रिकामा असतो.

निवड

सुट्टी शाळेची आणि कॅमेरा आधी असेल तर भीमताल, मे महिन्याचा पहिला पंधरवडा, पाच रात्री. गळच आधी असेल आणि जुलैत रजा मिळत असेल तर कोकरनाग तीन रात्री, निगीन दोन रात्री. मे महिन्यातच ट्राउट हवा असेल तर तीर्थन, आणि रोजची पहाट गळासाठी राखून ठेवा. कॅमेऱ्याला मग दुपारचं ऊनच उरतं. पोलरायझर लावला तर पाण्यावरची चकाकी जाऊन तळाचे गोटे दिसतात, पण फार रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला काळं पडतं.

फ्लायचा सराव निघण्याआधी दोन आठवडे मैदानावर करा, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. आणि जून-जुलैत परतलात की लेन्स त्याच दिवशी पुसून सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, कारण ठाण्याच्या पावसाळी हवेत आठवडाभर कापडी बॅगेत राहिलेल्या ओलसर लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.