केटरहॅम सेव्हनचा पत्रा कापून मोठा एक्झॉस्ट बसवून घेतला, त्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, वर्कशॉपचं नाव इथे टाकत नाहीये. माणूस एकटाच काम करतो आणि नाव नेटवर आलं की दिवसभर फोन वाजतो, हातातलं काम तसंच राहतं, असं त्याचंच म्हणणं. इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये अगदी टोकाची शेड आहे, बोर्ड पण धड दिसत नाही. ज्याला खरंच काम करून घ्यायचंय त्याने मेसेज टाका, सांगतो.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन ही छोटी उघडी स्पोर्ट्स कार आणली, १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि तीच गाडी थोडीफार बदलत आजपर्यंत बनवतायत. आत स्टीलच्या पाइपांचा सांगाडा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला, नाक आणि मडगार्ड फायबरचे. सगळी मिळून वजन अर्धा टन किंवा थोडं जास्त. माझी रोव्हरच्या के-सिरीज इंजिनवाली जुनी आहे, आणि अंगाचा पत्रा रंगवलेला नाहीये, उघडं ॲल्युमिनियम. म्हंजे कुठे चूक झाली तर रंगाखाली लपवायची सोय नाही, हे पुढे महत्त्वाचं आहे.

आता या गाडीचा एक्झॉस्ट खालून जात नाही. इंजिनचे चार पाइप बाजूच्या पत्र्यातल्या भोकातून थेट बाहेर येतात, बाहेर एकत्र होतात आणि मग सायलेन्सर दरवाजाच्या जागेखालून मागे जातो. (दरवाजा म्हणायचं आपलं, नीट दरवाजा नाहीच आहे.) मी जाड पाइपांचा स्टेनलेसचा सेट घेतला आणि सोबत मोठ्या व्यासाचा सायलेन्सर. आपल्याकडे सायलेन्सर बदलला म्हटलं की बुलेटचा फटफटाट आणि पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवलेला फोटो डोळ्यासमोर येतो, पण इथे उलटं आहे राव, मोठा सायलेन्सर आवाज कमी करायला लागतो. ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, सकाळीच आवाजाची मोजणी होते, माईक एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशात धरतात, इंजिन कमाल रेव्हच्या पाऊणपट फिरवायला सांगतात, बऱ्याच ट्रॅकवर मर्यादा १०५ डेसिबल. बेडफर्डला तर ट्रॅकच्या कडेने धावत्या गाडीचा आवाज मोजतात आणि तिथे ८७.५ च्या वर गेलात की चला घरी. जुना सायलेन्सर आतून पोकळ झालेला, दरवेळी काठावर पास, पैसे भरून पोटात गोळा घेऊन उभं राहायचं.

तर नवे पाइप जुन्या भोकातून जात होते, पण जेमतेम. आणि जेमतेम चालत नाही कारण इंजिन रबरच्या माउंटिंगवर असतं, थ्रॉटल दिला की ते एका बाजूला झुकतं, पाइप पण त्याच्याबरोबर हलतात, शिवाय तापले की लांब होतात. पत्र्याला टेकले की आधी टिकटिक आवाज, मग रिव्हेटपाशी चीर. भोक मोठं करणं भागच होतं.

पहिल्यांदा एका मोठ्या चकचकीत वर्कशॉपमध्ये विचारलं, कॉफी मशीन वगैरे. तिथला पोरगा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला ग्राइंडरने तासाभरात करून देतो. मी आभार मानून निघालो. साधी ग्राइंडिंगची चकती ॲल्युमिनियमवर चालवली की धातू मऊ असल्यामुळे चकतीत चिकटून बसतो, चकती कापायचं सोडून नुसती घासायला लागते, पत्रा तापून वाकडा होतो, आणि तशी भरलेली चकती फुटू पण शकते. हे मला कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमधल्या पोराने सांगितलं असतं.

मग हे म्हातारबाबा. पत्र्याच्या कामात आयुष्य गेलेलं, शेडच्या कोपऱ्यात एक इंग्लिश व्हील उभं आहे, माणसाच्या उंचीचं, दोन चाकांमधून पत्रा पुढेमागे फिरवत गोलाई देतात ते. मला वाटलं होतं आता कात्री काढणार. बाबांनी खिशातून काढली लहान पोरांची खेळायची माती, प्लॅस्टिसिन! इंजिन थंड असताना प्रत्येक पाइप आणि भोकाची कड यांच्यामध्ये मातीचे गोळे दाबून बसवले आणि मग लांब पहार घालून इंजिन माउंटिंगवर जितकं हलेल तितकं दोन्ही बाजूंना रेटलं. गोळे बाहेर काढून ओळीने पत्र्यावर मांडले. पुढचे दोन बऱ्यापैकी जाड, तिसरा चपटा, आणि मागच्या पाइपचा गोळा अगदी कागदासारखा, मध्ये तर फाटलेलाच. म्हणजे भोक सगळीकडून सारखं वाढवायची गरजच नव्हती, मागच्या वरच्या कोपऱ्यात जास्त, पुढे जवळपास काहीच नाही. मी घरी कार्डबोर्डचं टेम्प्लेट कापून नेलं होतं, चारही बाजूंनी सारखं वाढवलेलं. बाबांनी ते बघितलं, नीट घडी केली आणि चहाचा कप त्याच्यावर ठेवला. बोलले काही नाहीत.

दुसरं म्हणजे आतून सांगाड्याचा एक तिरका पाइप भोकाच्या बराच जवळून जातो. बाहेरून दिसत नाही. त्याला ब्लेड लागलं की चॅसिसला जखम, आणि तिथून गंज. बाबांनी आतून त्या पाइपवर लोखंडी पट्टी बांधली आणि बाहेरून पत्र्यावर त्याची जागा मार्करने काढली. मार्करनेच, सुईने ओरखडून नाही, कारण पत्र्यावरचा बारीक ओरखडा पण पुढे चीर पडायला पुरतो. पेन्सिल पण नाही चालत म्हणे, ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते, विमानाच्या कामात हा नियमच असतो.

कापणं मात्र पटकन उरकलं. बॅटरी काढली, वायरिंग आणि अल्टरनेटरवर ओल्या चादरी, आतून ग्रीस लावलेला टेप. ॲल्युमिनियमचा कीस लोहचुंबकाने गोळा होत नाही हे लक्षात घ्या, एकदा का वायरिंगमध्ये गेला की गेला, म्हणून आधीच अडवायचा आणि उरलेला व्हॅक्यूमने. कोपऱ्यांना आधी गोल भोकं पाडली, कारण टोकदार कोपरा ठेवला की पत्रा तिथूनच फाटतो. मग पत्र्याच्या कात्र्या, लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, मी इतकी वर्षं हार्डवेअरच्या दुकानात बघत होतो आणि मला वाटायचं रंग नुसते हौसेखातर आहेत. रेघेच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबले आणि उरलेलं सगळं अर्धगोल कानशीने. कानशीवर मधूनमधून खडू घासायचे, म्हणजे दातांमध्ये ॲल्युमिनियम भरत नाही. पांढरी धूळ, कानशीचा एकसारखा खर्र खर्र आवाज, मी नुसता बघत उभा.

कडेचं काय करायचं हे त्यांनी मला विचारलं. नुसती धार मारून गुळगुळीत करायची, की थोडी बाहेर वळवून ओठ काढायचा. ओठ काढला तर कड कडक होते, थरथरत नाही, पण वेळ जातो आणि वेळेचे पैसे. मी ओठ सांगितला. लाकडाचा ठोकळा मागे धरून छोट्या हातोडीने इतक्या हळू टोकत होते की मला वाटलं संध्याकाळ होणार. झालीच. पण बोट फिरवून बघितलं, कुठेच बोचत नाही. एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक गाडी तपासणीला, धारदार कड दिसली तर नापास करू शकतात, त्यामुळे हा काही नुसता हौसेचा भाग नाही.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं की लोकांना वाटतं ओळखीचा आहे. मागच्या कोपऱ्यात ओठावर हातोडीची एक खूण राहिली आहे, उजेड तिरका पडला की दिसते, उघड्या पत्र्याला इतकं होणार असं बाबा म्हणाले पण मला ती रोज दिसते. टेपचा गोंद पत्र्यावर तसाच, तो मी घरी बसून काढला. कार्ड चालत नाही. फोन उचलायचा मूड असेल तर उचलतात. आणि आधी सांगितलेला आकडा व्हॅट सोडून होता, २० टक्के वर चढले की जरा टोचतंच. एकूण चारशे पौंडांच्या थोडं खाली गेलं, त्यात पाइप फिटिंग धरून. कोणी म्हणेल एका भोकाला चारशे? ग्राइंडरवाल्या पोराने निम्म्यात केलं असतं. पण त्याने माझ्या टेम्प्लेटप्रमाणे कापलं असतं, पुढची बाजू उगाच उघडी पडली असती आणि मागच्या कोपऱ्यात पाइप तरी टेकलाच असता. नवा साइड पत्रा बसवायचा म्हणजे सगळे रिव्हेट काढा, आतलं सगळं सोडवा, त्याचा खर्च विचारूच नका. माझे पैसे मातीच्या त्या चार गोळ्यांचे गेले असं मी धरतो, कात्रीचे नाही.

रिझल्ट? नाद खुळा. टिकटिक पूर्ण बंद, तापलेल्या इंजिनला मुद्दाम झटके देऊन बघितलं, पाइप कुठेच लागत नाही. ट्रॅकवर मोजणीवाल्याने आकडा लिहून घेतला आणि दुसऱ्यांदा माईक लावला नाही, बस्स. कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नव्या सेटमध्ये आहेच. एक लक्षात ठेवा, मोठा सायलेन्सर बाहेर जास्त येतो, उतरताना पोटरी लागायचा चान्स वाढतो, शॉर्ट्स घालून या गाडीत बसू नका आणि बरोबर कोणाला घेतलं तर त्यांना आधी सांगा. माझ्या मेव्हण्याला सांगायच्या आत तो उतरला होता.

इंग्लंडमध्ये असं काही केलं तर इन्शुरन्सला कळवा, मॉडिफिकेशन लपवलं तर क्लेमच्या वेळी हात वर करतात. माझा प्रीमियम वाढला नाही, फक्त फोटो मागितले. भारतातून वाचणाऱ्यांनी गाडीत बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघून घ्या.

पाचपैकी चार स्टार. एक त्या खुणेचा आणि व्हॅटचा मिळून कापला. जायचं असेल तर पाइप आधी हाताशी ठेवा, ते पाइप न बघता तारीख देत नाहीत, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा सगळ्या सेव्हनवाल्यांना एकदम आठवण होते. रोख पैसे घेऊन जा, टेम्प्लेट घरीच ठेवा.