कोल्ह्याच्या फासासाठी ब्रेकअवे हूक: दोन हिवाळ्यांचा अनुभव

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये गावाबाहेर राहतो. घरामागे कोंबड्यांचं खुराडं आहे आणि त्यामागे लगेच झाडी. तीन वर्षांपूर्वी एका आठवड्यात लाल कोल्ह्यानं नऊ कोंबड्या नेल्या. (आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो हा नव्हे. हा आपल्या खोकडाच्या जातकुळीतला, झुपकेदार शेपटीचा.) जाळी, दिवे सगळं करून पाहिलं. शेवटी इथला सक्तीचा ट्रॅपिंगचा कोर्स केला, परवाना काढला आणि हंगामात तारेचे फास लावू लागलो.

भारतात हे करू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावून प्राणी पकडणं ही शिकारच धरली आहे. लहानपणी आजोळी रानडुकरासाठी लावलेल्या क्लचच्या तारेत गावातली एक कुत्री अडकलेली मी पाहिली आहे. तार गळ्यात रुतून बसली होती, सोडवताना मामांचे हात थरथरत होते. फास म्हटलं की अजून तीच डोळ्यांसमोर येते. म्हणून ब्रेकअवेसारख्या, म्हणजे ठरावीक ताण बसला की उघडणाऱ्या, बोटभर लोखंडावर मी इतका वेळ घालवला.

त्याचं काम एवढंच: कोल्हा अडकला तर धरून ठेवायचं, हरीण अडकलं तर सोडायचं. लाल कोल्हा पाच-सहा किलोचा. हरीण साठ-सत्तर किलोचं, आणि ते घाबरून उसळी मारतं तेव्हा झटका वजनापेक्षा कितीतरी जास्त बसतो. या दोन ताणांच्या मध्ये कुठेतरी हूक उघडला पाहिजे. इथल्या नियमाप्रमाणे ही मर्यादा 350 पौंड, म्हणजे साधारण 159 किलो. मी 285 पौंडांचे, म्हणजे 129 किलोंचे वापरतो. फक्त कोल्हा धरायचा असेल तर तेवढे भरपूर होतात.

सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमच्या फेरूलचे घेतले. यात तार एका नळीत दाबून बसवलेली असते आणि ठरावीक ताणाला निसटते. पण सगळं दाबण्यावर अवलंबून. घरी हातानं दाबलेली फेरूल एक सैल, एक घट्ट अशीच होते. घट्ट झालेली कधीच निसटत नाही, म्हणजे ती असून नसून सारखीच. दोन आठवड्यांत मी त्या काढून टाकल्या. जे-हूक (इंग्रजी J च्या आकाराचे) बरे, लावायलाही सोपे. शेवटी S च्या आकाराच्या एस-हूकवर स्थिरावलो, कारण तो उघडू लागला की डोळ्यांना दिसतं.

पाकिटावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. शेडच्या तुळईला स्प्रिंग काटा टांगला, त्याला हूक, खाली तार आणि तारेला लांब पहार अडकवून हळूहळू ओढलं. स्वस्तातल्या पाकिटातला एक हूक 90 किलोलाच उघडला, आणि त्याच पाकिटातला दुसरा 170ला नुसता वाकला. थोडे महाग हूक घेतले तेव्हा फरक आठ-दहा किलोंच्या आत आला. आता प्रत्येक पाकिटातले तीन हूक मोडून पाहतो, मगच बाकीचे वापरतो. एकदा ताण बसून किंचित फाकलेला हूक पक्कडीनं दाबून परत लावू नये. तो पहिल्यासारखा राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हूक कुठे बसवलाय ते बघा. तो फासाच्या गाठीपाशी, लॉकला (तार आवळून धरणाऱ्या तुकड्याला) लागूनच हवा, म्हणजे उघडला की फासच मोकळा होतो. पहिल्या वर्षी मी तयार फास विकत घेतले. त्यातल्या काहींना हूक तारेच्या खुंटीला बांधायच्या टोकाला होता, माझ्या ते लक्षात आलं नाही. एका सकाळी पाहतो तर खुंटीला अर्धा एस लटकतोय आणि बर्फात हरणाच्या खुरांचे माग झाडीत शिरलेत. तार गळ्यात घेऊनच ते गेलं होतं. दोन दिवस मी मागावर फिरलो. मग पुन्हा बर्फ पडला आणि माग बुजले. विकणाऱ्यानं पैसे परत दिले. ते हरीण काही मला दिसलं नाही.

पुढच्या जानेवारीत, हूक लॉकपाशी असताना, अगदी उलटं पाहिलं. फास जमिनीवर पूर्ण उघडा पडलेला. हूक सरळ झालेला, एका टोकाला करडे केस चिकटलेले. पलीकडे चार-पाच लांब उड्यांचे ठसे आणि मग शांत चालीचे. मी तिथेच बर्फात उकिडवा बसून ते माग कितीतरी वेळ पाहत होतो.

खुंटी मात्र पक्की हवी. ओंडक्याला किंवा लवचीक फांदीला बांधलेला फास झटका खाऊन टाकतो आणि हूक उघडतच नाही. तार कुंपणात किंवा रोपट्याला गुंडाळली गेली तरी तेच, म्हणून फासाच्या भोवतीचं सगळं साफ करतो. ओढ थांबली की सैल होणारा लॉकच घ्या. तारेवर स्टॉपही हवा, म्हणजे फास ठरावीक मापापेक्षा लहान होत नाही. कोल्हा सकाळी जिवंत सापडतो, आणि पुढचं काम माझं मलाच, लगेच करावं लागतं. ते सोपं नाही.

कुत्र्यासाठी ब्रेकअवेचा उपयोग नाही, कारण पट्ट्याची सवय असलेलं कुत्रं सहसा ओढत नाही, बसून राहतं. तिथे स्टॉप आणि सैल होणारा लॉक हेच कामाला येतात. त्यामुळे हंगाम सुरू होण्याआधी मी आजूबाजूच्या चारही घरी जाऊन फास कुठे आहेत ते सांगून येतो, आणि रोज उजाडताच पहिली फेरी फासांकडे मारतो.