हेडकॅपसाठी ४-मेटा रेझिन सिमेंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

मेंदूतले सिग्नल नोंदवायला रॅटच्या कवटीवर इलेक्ट्रोड बसवताना, ते धरून ठेवणाऱ्या टोपीसाठी (हेडकॅप) आम्ही आधी स्क्रू आणि साधं डेंटल अ‍ॅक्रिलिक वापरायचो. अ‍ॅक्रिलिक हाडाला मुळात चिकटतच नाही. सगळा भार स्क्रूंवर. त्यांच्याभोवतीचं हाड झिजलं की रेकॉर्डिंगमध्ये आधी हालचालीचा नॉइज वाढतो, मग एक दिवस हेडकॅप पिंजऱ्यात पडलेली सापडते. त्याच्या खाली ४-मेटा रेझिनचा (हाडाला चिकटणाऱ्या डेंटल सिमेंटचा) थर द्यायला लागल्यापासून हे प्रकार जवळजवळ थांबले.

पण नुसतं सिमेंट बदलून फरक पडेल असं समजू नका. निम्मं श्रेय हाडाच्या तयारीचं आहे. पेरिऑस्टियम (हाडावरचा पातळ पडदा) कडेपर्यंत खरवडून काढायचं, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून लगेच सलाईनने धुवायचं (उघड्या ड्युरावर, म्हणजे मेंदूच्या आवरणावर, थेंबही नको), ब्लेडने उथळ आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि हाड खडूसारखं पांढरं दिसेपर्यंत कोरडं करायचं. कडेच्या स्नायूतून रक्त झिरपत असेल तर थांबा. ते थांबल्याशिवाय लावलेला थर धरत नाही, आणि हे तेव्हा नाही, काही आठवड्यांनी कळतं.

मिसळणं जरा कटकटीचं. द्रवाचे ४ थेंब, कॅटॅलिस्टचा (मिश्रण घट्ट करणाऱ्या रसायनाचा) १, वर पावडर. भांडं सिरॅमिकचं आणि बर्फावर गार केलेलं. गरम भांड्यात ब्रश फिरवेपर्यंत घट्ट होतं. कॅटॅलिस्ट हवेने खराब होतो, त्यामुळे झाकण ताबडतोब लावायचं. माल महाग आहे, म्हणून पातळ थर याचा आणि वरचा उंचवटा अ‍ॅक्रिलिकचा. तोही थोडा थोडा चढवलेला बरा. एकदम ओतलं तर घट्ट होताना तापतं आणि ती उष्णता खालच्या हाडापर्यंत जाते.

महागडं प्रोब (मेंदूत घालायचा बारीक इलेक्ट्रोड) परत काढून वापरायचं असेल तर हे रेझिन त्याला लागू देऊ नका, नंतर सुटत नाही.

कातडीच्या कडेचा प्रश्न मात्र यानेही सुटला नाही. सिमेंटची कड खडबडीत किंवा बाहेर आलेली असली की खाली ओल साचते, पू होतो आणि घट्ट बसलेली कॅपही खालून उचलली जाते. कड गुळगुळीत घासून घ्यावी. पिंजऱ्याच्या झाकणातली खाद्याची जाळी खाली आलेली असेल तर डोकं तिथे आपटत राहतं, तेव्हा उंच झाकण घ्या. लहान वयाच्या रॅटची कवटी अजून वाढत असते. दीर्घ रेकॉर्डिंगला प्रौढ जनावरंच बरी.

स्क्रू आम्ही कमी केले, पण काढून टाकले नाहीत. सेरेबेलमवरचा (मागच्या लहान मेंदूवरचा) ग्राउंडचा, म्हणजे सिग्नल मोजायला विद्युत संदर्भ देणारा, स्क्रू तर हवाच.