जयपूर फूट आणि बेळगावचे शिबिर: एका कृत्रिम पायाचे परीक्षण

गुडघ्याखाली पाय गमावलेल्या, शेतीवर जगणाऱ्या आणि घरात जमिनीवर बसणाऱ्या माणसासाठी आपल्या भागात मिळू शकणाऱ्या कृत्रिम पायांपैकी जयपूर फूट हा मला सर्वांत उपयुक्त वाटतो. तो शिबिरात मोफत मिळतो ही गोष्ट क्षणभर पूर्ण बाजूला ठेवली, तरी माझे हे मत बदलणार नाही. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या मामांचा डावा पाय ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीखाली सापडला आणि गुडघ्याच्या खाली वीतभर अंतरावर तो काढावा लागला. त्यानंतर त्यांनी आधी एका दुकानातून विकत घेतलेला पाय वापरला आणि पुढे बेळगावातील एका शिबिरात बसवून घेतलेला जयपूर फूट वापरला. दोन्ही पायांवर त्यांना चालताना मी जवळून पाहिले असल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे, आणि ज्यांच्या घरात असा निर्णय घ्यायची वेळ आली आहे त्यांना ते उपयोगी पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विकत घेतलेला पाय दिसायला सफाईदार होता. परंतु त्याचा घोटा घट्ट होता, टाच तेवढी थोडी दबत असे, आणि बूट घातल्याशिवाय त्यावर चालता येत नसे. बूट घालून कार्यालयात जाणाऱ्या माणसाला यात काहीच अडचण वाटणार नाही. मामांच्या दिवसात मात्र बुटाला जागाच नव्हती. देवघरात, स्वयंपाकघरात, गोठ्यात, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या देवळात माणूस अनवाणीच जातो. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसतो. बांधावर दोन घटका टेकायचे तर उकिडवा बसतो. घोटा वळला नाही की यांपैकी प्रत्येक ठिकाणी खुर्ची मागावी लागते, आणि चारचौघांत खुर्ची मागण्याचा संकोच माणसाला हळूहळू घरात बसवतो. मामांनी त्या काळात पंगतीला जाणे जवळपास सोडून दिले होते.

जयपूर फूट घडवताना नेमका हाच विचार झाला. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक यांनी मिळून तो तयार केला. परदेशी धाटणीचे पाय रुग्णांना दिले तरी ते काही दिवसांत कोपऱ्यात पडतात, कारण येथील माणसाच्या बसण्याउठण्याशी त्यांचा मेळ बसत नाही, हे रुग्णालयातल्या अनुभवावरून त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून आत स्पंज रबराचे आणि लाकडाचे ठोकळे, त्यांभोवती रबराचे थर, आणि साच्यात तापवून हे सगळे एकजीव केलेले, अशी त्याची रचना त्यांनी केली. हा पाय घोट्यात पुढेमागे वळतो, आणि खडबडीत जमिनीवर टाकला की आतल्या-बाहेरच्या बाजूलाही कलतो. त्याला बोटे आहेत, रंग कातडीचा आहे, आणि पाण्याने तो खराब होत नाही.

पाण्याचा हा मुद्दा आमच्याकडे सर्वांत मोठा आहे. खानापूरचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे मुसळधार पावसाचा आणि भाताचा मुलूख. रोप लावणीच्या दिवसांत चिखलात उतरता आले नाही तर शेतकऱ्याला आपण शेतकरी उरलो नाही असेच वाटते. मामा आज पूर्वीसारखे दिवसभर वाकून लावण करत नाहीत, आणि खोल चिखलात पाय रुतला तर तो ओढून काढताना सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, सैल होण्याची भीती राहते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ते वाफ्यात उतरतात, पाणी फोडतात, बांधावरून निसरड्या वाटेने घरी येतात आणि हौदावर दोन्ही पाय धुतात. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांना तासन् तास जमिनीवर बसून सूप मांडीवर घ्यावे लागते. अशा बाईचा पाय गेला तर तिचे घर कोणत्या पायावर चालेल, हा प्रश्नही मला याच कसोटीने सोडवावासा वाटतो. पुस्तकात आणि वर्तमानपत्रांत या पायावर नृत्य करणाऱ्या सुधा चंद्रन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते आदरणीयच आहे, परंतु आमच्या तालुक्यात या पायाची परीक्षा चिखलात होते.

पाय बसवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. उरलेल्या पायावर प्रथम ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून त्याचा ठसा घेतात. त्या पोकळ ठशात प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती काढतात, आणि तंत्रज्ञ ती हाताने तासून, जिथे हाड टोचण्याचा संभव आहे तिथे जागा सोडून, दाब कोठे पडावा हे ठरवतो. मग उच्च घनतेच्या पॉलिथिनचा, म्हणजे शेतात पाणी नेण्यासाठी वापरतात त्याच जातीचा पाइप भट्टीत मऊ करून त्या प्रतिकृतीवर ओढतात आणि आतली हवा खेचून घेऊन तो घट्ट बसवतात. थंड झाल्यावर त्याचा सॉकेट आणि नळी तयार होते, खाली रबरी पाऊल जोडले जाते, पट्टा लावला जातो, आणि गुडघ्याखालच्या रुग्णाला बहुधा त्याच दिवशी चालवून पाहतात. रांगेत बसलेल्या शेतकऱ्यांनी तो पाइप पाहताक्षणी ओळखला. आपल्या शिवारातल्या वस्तूपासून आपला पाय होणार आहे हे कळल्यावर त्यांच्या मनातली भीती बरीच कमी झालेली मला दिसली.

ज्या शिबिरात मामांना पाय मिळाला ते एका मंगल कार्यालयात भरले होते. तंत्रज्ञ राजस्थानी होते आणि हिंदी बोलत. रुग्णांपैकी काही कन्नड बोलणारे, काही मराठी, काही उर्दू. चंदगड तालुक्यातून, म्हणजे महाराष्ट्रातून, आलेलेही बरेच होते, कारण त्यांना दवाखान्यासाठी कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळचे पडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालत आलेला आमचा सीमाप्रश्न अजून सुटलेला नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि माझ्या भाषेच्या हक्काबद्दल माझे स्वतःचे मत ठाम आहे. तरीही त्या कार्यालयात मला जे दिसले ते मी महत्त्वाचे मानतो. अर्जाचा कागद कन्नडमध्ये होता, तो भरून द्यायला मराठी शाळेतल्या शिक्षिका बसल्या होत्या; मामांच्या पायाला कोठे टोचते हे हिंदीत समजावून सांगणारा तरुण हुक्केरीकडचा कन्नड मुलगा होता; जेवण वाढणारे दोन वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते होते. सीमेच्या कोणत्या बाजूचे, हा प्रश्न पत्ता लिहिण्यापुरताच विचारला जात होता. ज्यांच्या मनात एकमेकांविषयी राग असू शकला असता अशी माणसे तेथे दिवसभर एका कामाला लागली होती, आणि असे दिवस जितके अधिक येतील तितके सीमाभागात राहणे सुसह्य होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ही शिबिरे ज्या संस्थेच्या कामातून रूढ झाली ती भगवान महावीर विकलांग सहायता समिती देवेंद्र राज मेहता या सनदी अधिकाऱ्यांनी १९७५ साली जयपुरात स्थापन केली. ते स्वतः एका भीषण मोटार अपघातातून वाचले होते. पाय तयार झाल्यापासून संस्था स्थापन होईपर्यंतच्या सात वर्षांत तो फारच थोड्या लोकांपर्यंत पोहोचला होता. रुग्णालयातला शोध गावोगावच्या माणसापर्यंत न्यायला कारागिरीबरोबर संघटना लागते, हे तेथून पुढे सिद्ध झाले. जयपूरच्या केंद्रात रुग्ण कोणत्याही वेळी आला तरी त्याला घेतात, त्याची राहण्या-जेवण्याची सोय करतात आणि पैसे घेत नाहीत. कृत्रिम पाय, दुबळ्या पायाला आधार देणारे कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी असे सर्व मिळून संस्थेने आजवर २० लाखांहून अधिक लोकांना साहाय्य केले आहे.

या पायाचा देशाबाहेरचा प्रवास आमच्या शिबिरातल्या रांगेपेक्षा फारसा निराळा नाही. अफगाणिस्तानच्या युद्धात भूसुरुंगांनी पाय गमावलेल्या माणसांपर्यंत तो १९८० च्या दशकातच पोहोचला, कारण तेथेही शेतकरी अनवाणी चालतो, जमिनीवर बसून जेवतो आणि नमाजासाठी गुडघे टेकतो. श्रीलंकेत यादवीने होरपळलेल्या जाफना शहरात तर पुनर्वसन केंद्राच्या नावातच 'जयपूर' आहे. सेठींनी या पायाचे एकस्व (पेटंट) घेतले नाही, त्यामुळे कोणत्याही देशातल्या कारागिराला तो शिकून घेता आला, आणि या एका निर्णयाचे मोल मला फार मोठे वाटते. भूसुरुंगबंदीचा करार १९९७ मध्ये ओटावा येथे झाला आणि १ मार्च १९९९ रोजी अमलात आला. जे देश मदत करू शकतात त्यांनी सुरुंगग्रस्तांच्या उपचाराला आणि पुनर्वसनाला हातभार लावावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, आणि ती करावी असे मला वाटते. मात्र महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने परराष्ट्र मंत्रालयाने २०१८ साली 'इंडिया फॉर ह्युमॅनिटी' या नावाने याच समितीमार्फत इतर देशांत शिबिरे घेण्यास आरंभ केला, हे समाधानाचे आहे. उलट दिशेनेही ज्ञान आले: गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी समितीबरोबर स्वस्त कृत्रिम गुडघा तयार केला, आणि 'टाइम' साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. इस्रोने पॉलियुरेथेनच्या हलक्या पावलाचे तंत्र दिले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव पायात नसून शिबिरानंतरच्या व्यवस्थेत आहे, आणि ती मला गंभीर वाटते. शस्त्रक्रियेनंतर उरलेला पाय कित्येक महिने आकसत राहतो, त्यामुळे आज घट्ट बसलेला सॉकेट काही काळाने सैल होतो. मामांचाही झाला. मोज्यावर मोजा चढवून त्यांनी काम भागवले, कातडी सोलवटली, जखम झाली, आणि आयोजकांकडे विचारणा केली तेव्हा पुढच्या शिबिरापर्यंत थांबा, एवढेच उत्तर मिळाले. ज्या आयोजकांनी शेकडो लोकांची व्यवस्था इतक्या मायेने केली, त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी एक माणूस, एक खोली आणि एक वही असू नये, याचे मला वाईट वाटते. शिबिराचा फलक, उद्घाटन आणि छायाचित्रे यांवर होणाऱ्या खर्चाचा थोडासा भाग वर्षभराच्या देखभालीसाठी राखून ठेवला, तर त्याच पायाचा उपयोग कितीतरी वाढेल. हे केवळ आमच्या घराचे गाऱ्हाणे नाही. होंडुरास, युगांडा आणि भारत येथे या पद्धतीचे पाय वापरणाऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सॉकेटची बसणी, पायाची सरळ रेषेतली जुळणी आणि कारागिरी यांतील त्रुटी ठळकपणे नोंदल्या गेल्या होत्या. वेगाने पाय बसवण्याचे सामर्थ्य हे या पद्धतीचे भूषण आहे, आणि घाई झाली तर तोच तिचा दोष ठरतो.

बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. पॉलिथिनच्या सॉकेटमध्ये हवा खेळत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अथणी-चिकोडीसारख्या उष्ण भागात घाम फार येतो आणि मोजे दिवसातून दोनदा बदलावे लागतात. रबरी पाऊल कष्टाच्या कामात झिजते. साधारण तीन वर्षांनी ते बदलावे लागेल, असे धरून चालावे.

शिबिराला जाण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. जखम पूर्ण भरलेली आणि सूज उतरलेली असल्याशिवाय माप देऊ नये. दूर गावाहून आलो आहोत म्हणून तंत्रज्ञाला आग्रह करू नये. मधुमेहामुळे पाय गेला असेल तर साखर आटोक्यात आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण अशा रुग्णाला कातडी सोलवटलेली कळत नाही. त्याच्या घरच्या माणसाने रोज रात्री आरशात किंवा उजेडात ती पाहावी. पाय काढल्यापासून उरलेल्या भागाला लवचीक पट्टी बांधण्याची सवय ठेवली तर मापाला आकार चांगला मिळतो. गुडघ्याच्या वर पाय गेला असेल तर शिबिरापेक्षा थेट समितीच्या केंद्रात जाऊन, सावकाश राहून, चालण्याचा सराव करून यावे असे मी सुचवेन. दिव्यांग ओळखपत्र जवळ असावे. आणि पाय घालून शिबिरातून बाहेर पडण्याआधी तेथेच मांडी घालून बसून पाहावे, उकिडवे बसून उठून पाहावे, जिन्याच्या चार पायऱ्या चढून उतराव्यात, आणि कोठेही टोचत असेल तर संकोच न करता, आपल्याला येईल त्या भाषेत, तंत्रज्ञाला तेवढ्यातच सांगावे.