गोल की फळी? घरात छोटी रेल्वे मांडण्याआधी

सुताराकडे प्लायवूड कापायला देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. गाडी गोल फिरवायची, की सरळ फळीवर शंटिंग, म्हणजे डबे मागेपुढे करून हव्या त्या जागी लावणं, करायचं? मी दोन्ही केलंय. आधी चार बाय तीन फुटांच्या प्लायवर गोल मांडला आणि तो दोनेक वर्षं वापरला. मग चार फूट लांब, एक फूट रुंद फळी केली, तिला आता तिसरं वर्ष लागलंय. दोन्हीकडे स्केल तेच, डबल-ओ, म्हणजे 1:76, आणि रूळ 16.5 मिलिमीटरचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. इंजिन तेच, कंट्रोलरही तोच साधा 12 व्होल्टचा. त्यामुळे जो फरक जाणवला तो मांडणीचाच आहे, असं मी धरून चालतो. स्केल म्हणजे खऱ्या गाडीशी असलेलं मापाचं प्रमाण, कपलिंग म्हणजे डबे जोडणारा आकडा आणि कंट्रोलर म्हणजे गाडीचा वेग आणि दिशा ठरवणारं उपकरण.

गोलाची मजा खरी आहे. पहिल्या रात्री मी खोलीतला दिवा घालवला, टेबल लॅम्प जमिनीवर ठेवला आणि चहाचा कप हातात घेऊन नुसता बघत बसलो. गाडी उशीमागे जायची, आवाज बारीक व्हायचा, पुन्हा समोर यायची. त्यात हाताला काही काम नसतं आणि तेच त्याचं सुख आहे. माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. "मामा, अजून एक राउंड" म्हणत तो जेवायचा उठायचा नाही. गणपतीत आरास करायची असेल तर गोलाला पर्याय नाही. मूर्तीभोवती गाडी फिरतेय हे पाहायला शेजारची पोरं रोज संध्याकाळी दारात उभी असायची. आणि एक तांत्रिक फायदा आहे, तो फळीवाल्यांना मिळत नाही. नवं इंजिन आणलं की ते आधी दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास सलग चालवून मोकळं करून घ्यावं लागतं. गोलावर ते आपोआप होतं.

अडचण मापापासून सुरू होते. डबल-ओमध्ये तयार मिळणाऱ्या सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या 371 मिलिमीटर. म्हणजे व्यास जवळपास 74 सेंटीमीटर, आणि कडेला बोटभर जागा सोडली तर पावणेतीन फूट रुंदी जातेच. त्याच्या पुढचं वळण 438 मिलिमीटरचं, ते तीन फुटांत अगदी काठाला टेकतं. पहिल्या वळणावर लांब प्रवासी डबे अडतात, काही इंजिनंही कुरकुरतात. म्हणून छोटा गोल करणारा माणूस शेवटी छोटं इंजिन आणि दोन-तीन छोट्या डब्यांवरच येतो. त्यात वाईट काही नाही. पण "गोल केला म्हणजे लांब गाडी चालवता येईल" हा समज घरच्या मापात टिकत नाही.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निर्णय झाला, ती सांगतो.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. चार बाय तीनचा प्लाय ठेवायला जागा एकच, बाहेरच्या खोलीतला दिवाण. दिवाण म्हणजे बसायची जागा, पाहुण्यांची जागा आणि रात्री आईची झोपायची जागा. त्यामुळे गोल कधीच मांडलेला राहिला नाही. "अहो, ताई यायच्यात, तेवढं उचलता का?" असं घरातून हळू आवाजात विचारलं जायचं. त्यात बायकोची काही चूक नव्हती. मी प्लाय उभा करून दाराआड ठेवायचो आणि दोन दिवसांनी पुन्हा आडवा करायचो.

प्लाय एका टोकाला धरून उचलला की मधे किंचित वाकतो. डोळ्यांना ते दिसतही नाही, पण फिशप्लेटला, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्टीला, तेवढं पुरतं. रुळांचे दोन तुकडे जिथे जोडलेत तिथे एक तुकडा केसभर वर येतो. मी दर वेळी अंगठ्याचं नख रुळाच्या माथ्यावरून सावकाश फिरवत न्यायचो. नख अडकलं की समजायचं, इथे पायरी झाली. स्वयंपाकघराच्या बाजूच्या वळणावर एक जोड होता, तो तर ठरलेला. पक्कडीनं दाबला, की त्याच्या पुढचा सुटायचा. गाडी त्या वळणावर आली की पहिल्या डब्याचं पुढचं चाक बाहेरच्या रुळावर चढायचं आणि मागचे डबे त्याच्या अंगावर यायचे. प्लायला खालून पट्ट्या मारून बघितल्या. वाकणं कमी झालं, पण वजन इतकं वाढलं की एकट्याला उचलेना.

घड्याळ लावून मी कधी मोजलं नाही. पण मांडायचं, जोड दाबायचे, रूळ पुसायचे, घसरलेले डबे परत चढवायचे, यात अर्धा-पाऊण तास सहज जायचा. कामावरून आल्यावर जेवणापर्यंत हातात तेवढाच वेळ असतो. गाडी नीट फिरायला लागली की ताट वाढलेलं असायचं. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की दीड महिना प्लाय दाराआडून बाहेरच आलेला नाही. ते मला फार लागलं. हौसेनं आणलेली वस्तू आणि मीच तिला टाळतोय!

तुमच्या घरी एखादी खोली किंवा गच्चीवरची बंद जागा मोकळी असेल, तर हे सगळं तुम्हाला लागू होत नाही. मग गोलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

फळीची कल्पना माझी नाही. ॲलन राइट या इंग्रज छंदिष्टानं मांडलेली 'इंगलनुक सायडिंग्ज' ही रचना जगभर लोक वापरतात आणि ती कमालीची साधी आहे. सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) फक्त दोन, सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, तीन. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी (मालडबे) मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. दुसऱ्या टोकाला शंटिंगचा रूळ, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी बसतील एवढीच लांबी. वाघिणी एकूण आठ. त्यांतल्या पाच, ठरलेल्या क्रमानं, लांब सायडिंगमध्ये लावायच्या. आठातून पाच क्रमानं निवडायच्या रीती 6,720 होतात. रोज एक खेळलात तरी 18 वर्षं पुरतील.

चार फुटांत हे मावतं कसं? छोटी चारचाकी वाघीण कपलिंगसकट साधारण 9 सेंटीमीटरची धरा. पाचांचे 45. इंजिन 12 सेंटीमीटरचं आणि तीन वाघिणी 27, म्हणजे 39. दोन सांध्यांचे 34. बेरीज 118 सेंटीमीटर, आणि चार फूट म्हणजे जवळपास 122. पण आठचाकी लांब वाघिणी वापरायच्या असतील तर पाच-साडेपाच फूट मोजून ठेवा. मोजमापात ओढाताण करू नका. शंटिंगचा रूळ दोन सेंटीमीटर कमी पडला तरी सगळा खेळ बसतो, कारण तिसरी वाघीण सांध्यावरच उभी राहते आणि सांधा बदलता येत नाही.

माझी फळी पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावर, छातीच्या उंचीला आहे. तिला मी गूळ मार्केटचं रूप दिलंय. कोल्हापुरात शिरण्याआधी त्या नावाचं छोटं स्टेशन लागतं, म्हणून. मागे गोदामाची सनबोर्डची भिंत, तिच्यासमोर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. 1:76 मध्ये फूटभर उंचीचा रवा चार मिलिमीटरचा होतो, म्हणून मी मोठ्या साबुदाण्याला तपकिरी रंग आणि वरून व्हार्निश दिलं. चाळलेल्या वाळूची खडी टाकली. फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब मिसळून ड्रॉपरनं सोडला की खडी जागची हलत नाही. हे एवढं बारीक काम गोलावर मी केलंच नव्हतं, कारण उभा केला की सगळं खाली येणार हे माहीत होतं.

रात्री नऊला बटण दाबतो. आठ पत्ते पिसतो, प्रत्येकावर एका वाघिणीचं चित्र आहे. पाच ओढतो, ओळीनं लावतो आणि सुरू करतो. इंजिन इतकं सावकाश पुढे जातं की चाकाचा आरा न् आरा दिसतो. दोन कपलिंग भेटतात, बारीक टक् होतं. सोडवायला क्रोशाची बारीक सुई वापरतो. आकडा उचलायचा, इंजिन बोटभर मागे घ्यायचं, सुई काढायची. एक डाव वीस मिनिटांचा, कधी चाळीसचा. अर्ध्यावर सोडला तरी वाघिणी दुसऱ्या दिवशी तिथेच उभ्या असतात. मला याचंच अप्रूप सगळ्यात जास्त वाटतं.

कोल्हापूरच्या माणसाला फळी जवळची वाटते, असं मला मनापासून वाटतं. आपलं स्टेशन शेवटचं आहे. 1891 मध्ये मिरजेहून रूळ आले ते इथे येऊन थांबले. लहानपणी परीख पुलाखालून घरी जाताना डोक्यावर धडधड ऐकू आली की आम्ही मागे फिरून स्टेशनवर पळायचो. कोयना, महालक्ष्मी यायची, इंजिन सुटायचं, एकटंच बाजूच्या रुळानं दुसऱ्या टोकाला जायचं आणि पुन्हा लागायचं. हातात हिरवा झेंडा घेतलेला माणूस दोन डब्यांमध्ये वाकायचा. धावती गाडी मी मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर पाहिली. कोल्हापूरला पाहिली ती थांबणारी, सुटी होणारी आणि पुन्हा जोडली जाणारी गाडी. (खरं तर इंगलनुकमध्ये इंजिनाला दुसऱ्या टोकाला जायला रूळ नाही. तो हवा असेल तर सांधे आणि लांबी दोन्ही वाढतात.)

फळीचे दोष आहेत आणि ते आधी कळलेले बरे. सगळी चाल मंद असते, त्यामुळे रुळावरचा जरासा मळही लगेच जाणवतो. गोलावर वेगाच्या भरात इंजिन मळावरून निघून जातं, इथे जागेवर उभं राहतं. सांध्याच्या मध्यावर प्लास्टिकचा तुकडा असेल तर तिथे वीज नसते, आणि चारचाकी छोटं इंजिन नेमकं त्यावर थांबतं. मी पहिले तीन महिने यानं त्रासलो. शेवटी सहा चाकांचं इंजिन घेतलं आणि प्रश्न मिटला. धातूच्या मध्याचे सांधे घेतले तर आणखी चांगलं, फक्त वायरिंग थोडं वाढतं. दुसरं म्हणजे, लहान मुलांना फळी पटकन पटत नाही. भाचा आता दहा वर्षांचा आहे, हल्ली पत्ते ओढायला बसतो. सहाव्या वर्षी बसला नसता.

पावसाळ्यातल्या दमटपणाचा त्रास दोन्हीकडे सारखाच. रूळ काळवंडतात. सुती फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पॉलिशपेपर घासू नका, त्याचे ओरखडे पडतात आणि मळ त्यांतच बसतो.

"गोलच हवा, पण जागा नाही" म्हणणाऱ्यांसाठी एन स्केल आहे, डबल-ओपेक्षा बरंच लहान. रूळ 9 मिलिमीटरचे आणि नऊ इंची त्रिज्येचा गोल दोन बाय तीन फुटांत आरामात बसतो. त्याहून लहान वळणंही मिळतात. सांगलीच्या एका मित्राकडे असा गोल आहे आणि तो पलंगाखाली आडवाच सरकतो, म्हणजे माझी मुख्य तक्रार तिथे उरत नाही. मी त्याच्याकडे तीन-चार वेळा बसलोय. गाडी सुंदर दिसते. माझ्या चाळिशी लागलेल्या डोळ्यांना ते डबे रुळावर चढवणं जड गेलं, आणि हलकं इंजिन मळाला लवकर अडतं असं वाटलं. तुमची नजर चांगली असेल तर जरूर बघा.

आपलं ब्रॉडगेज दोन्हींत हुबेहूब बसत नाही. 1,676 मिलिमीटरचे 1:76 ला 22 मिलिमीटर होतात आणि आपण 16.5 वर चालवतो. मला त्याचं फार वाटत नाही. उलट 9 मिलिमीटरच्या रुळावर 1:87 चे डबे ठेवले तर 762 मिलिमीटरच्या बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या अगदी जवळ जातं. 1897 ला सुरू झालेली ती गाडी पुढे मिरजेपर्यंत यायची. तिची एक फळी करायची माझ्या मनात आहे, पण तो वेगळा विषय.

तर, घरात लहान मूल असेल, आरास करायची असेल किंवा नुसतं बसून बघण्यात तुम्हाला खरा आराम वाटत असेल, तर गोल करा, आणि जमलं तर एनमध्ये करा. मांडलेलं रोज उचलावं लागणार असेल तर मात्र माझा हात फळीकडेच जाईल. पैशाच्या दृष्टीनंही ती सोपी आहे. दोन सांधे, दोनेक मीटर रूळ, आठ वाघिणी आणि एक इंजिन. पुढे हौस वाढली तरी यांतलं काही वाया जात नाही.

माझ्या गोलाचे रूळ एका खोक्यात जपून ठेवलेत. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री ते निघतात आणि विसर्जनानंतर पुन्हा आत जातात. फळीवर काल रात्रीचा डाव अर्धा राहिलाय. लाल वाघीण मधल्या सायडिंगमध्ये तिसऱ्या नंबरवर अडकली आहे आणि पत्त्यांच्या क्रमात ती दुसरी हवी आहे.