८० टक्क्यांवर थांबलेली बॅटरी आणि गेलेले ३,७५० रुपये

लॅपटॉपची बॅटरी ३,८००, मजुरी २५०, जुन्या बॅटरीचे ३०० वजा. बिल नाही. ‘बिल हवं तर जीएसटी लागेल’ दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली.

तक्रार एवढीच, की चार्जर लावूनही लॅपटॉप ८० टक्क्यांच्या वर जात नव्हता. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. गेली डोंबलाची! लॅपटॉप कंपनीच्याच ॲपमध्ये बॅटरी जास्त टिकावी म्हणून ८० टक्क्यांची मर्यादा चालू होती.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट टाइप केलं की अहवाल निघतो. माझा आधीचा पडून होता : डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ४१,०४० मिलिवॅट-अवर, फुल चार्ज कपॅसिटी (आज मावते तेवढी) ३४,४७०. म्हणजे ८४ टक्के. असली धडधाकट बॅटरी मी ३०० रुपयांत देऊन आलो. जुनी बॅटरी दुकानात सोडू नका.

शंका यायलाच हवी होती ती तेव्हा, जेव्हा त्याने नवी बॅटरी टाकून, ती मर्यादा काढून स्क्रीन माझ्याकडे वळवली : ‘बघा, १०० टक्के!’ ते १०० म्हणजे बॅटरीत आज जेवढं मावतं तेवढ्याचे. अर्धमेली बॅटरीही १०० दाखवते. मला हे ठाऊक होतं. पण मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती, अहवाल काढायला दोन मिनिटं मागायची लाज वाटली.

तिसऱ्या आठवड्यात ३८ टक्क्यांवर मशीन धाडकन बंद. फुल चार्ज १९,६००! ‘नव्या’ बॅटरीत जुनेच सेल, आतल्या चिपमधले क्षमतेचे आकडे पुसलेले, वर नवं वेष्टन. पाच-दहा वेळा चार्ज होऊन उतरली की चिपला खरी क्षमता कळते; दुकानातल्या अहवालात ती कदाचित दिसलीही नसती. झिजलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, जड काम दिलं की व्होल्टेज कोसळतं. वॉरंटी १५ दिवसांचीच का, ते आता कळलं.

चौकीत ‘हा आमचा विषय नाही’. तक्रारीच्या फोनवर ४० मिनिटं ताटकळवून ‘बिल अपलोड करा’. यूपीआयची पावती आहे म्हटलं, तर ‘ती बॅटरीचीच कशावरून?’ चोराला सोडून माझीच उलटतपासणी! जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, हे यातल्या एकानेही सांगितलं नाही.

फुल चार्ज क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली म्हणून घाबरून बॅटरी बदलू नका. साठीच्या खाली जाऊन मध्येच बंद पडू लागली की बदला. टचपॅड वर आला किंवा तळ फुगला तर मात्र त्याच दिवशी चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबू-टोचू नका.

दुकानदार आता म्हणतो, ‘आणखी ५०० द्या, दुसरी टाकून देतो.’